जावा सर्व्हिस बंद होताना बॅकग्राउंड थ्रेड अडकतो: कारण कसं शोधायचं आणि काय दुरुस्त करायचं

दर डिप्लॉयला, म्हणजे नवी आवृत्ती चालू करताना, तोच प्रकार होतो. नवा पॉड (कंटेनर चालवणाऱ्या कुबर्नेटिस या व्यवस्थेतली सर्व्हिसची एक चालती प्रत) उभा राहतो, जुना मात्र 'टर्मिनेटिंग' अवस्थेत ३० सेकंद बसून राहतो आणि शेवटी एक्झिट कोड १३७ देऊन मरतो. डॉकरवर थेट चालवत असाल तर हेच १० सेकंदांनी घडतं, कारण डॉकर स्टॉपची मूळ मुदत तेवढीच आहे. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगतं की रांगेतले काही मेसेज प्रोसेसच झाले नाहीत, किंवा फाईल अर्धवट लिहिली गेली. मग कुबर्नेटिसमधली टर्मिनेशन ग्रेस पीरियड, म्हणजे बंद व्हायला दिलेली मुदत, ३० वरून १२० सेकंद केली जाते. प्रश्न तिथेच राहतो, फक्त आता दर डिप्लॉयला चौपट वेळ लागतो.

मुदत वाढवून हा प्रश्न सुटत नाही. थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा, नेमका कुठे थांबलाय हे पाहिल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही, कारण स्लीपमधल्या थ्रेडला हलवण्याची रीत वेगळी, सॉकेट वाचत बसलेल्याची वेगळी आणि लॉकसाठी ताटकळणाऱ्याची त्याहून वेगळी.

एक्झिट कोड आधी वाचा

१४३ म्हणजे १२८ अधिक १५: प्रोसेसला सिगटर्म ('बंद हो' सांगणारा सिग्नल) मिळाला आणि त्यावर ती बंद झाली. शटडाऊन हुक (बंद होताना चालणारे कोडचे तुकडे) नीट चालून संपले तरी जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं यंत्र) हाच कोड देते, त्यामुळे १४३ दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. १३७ म्हणजे १२८ अधिक ९: सिगकिल देऊन मारावं लागलं. मात्र मेमरीची मर्यादा ओलांडली तरी १३७ च येतो. पॉडचं वर्णन काढून कारणाच्या रकान्यात 'ओओएमकिल्ड' लिहिलंय का ते पाहा. तसं असेल तर विषय मेमरीचा आहे, थ्रेड शोधण्यात वेळ घालवू नका.

बॅच प्रोग्रॅममध्ये आणखी एक खूण सापडते. मेन मेथड संपते आणि प्रोसेस त्यानंतर साधारण एक मिनिटाने आपोआप बंद होते. हा कॅश्ड थ्रेड पूल आहे; थ्रेड पूल म्हणजे कामं वाटून घेणाऱ्या थ्रेडचा संच. त्यातला रिकामा थ्रेड ६० सेकंद वाट पाहून स्वतः संपतो. फिक्स्ड पूलचे थ्रेड असे संपत नाहीत, त्यामुळे तिथे प्रोसेस कायमची लटकते.

सिग्नल जावापर्यंत पोचतोय का

लॉगमध्ये बंद होण्याची एकही ओळ नसेल तर थ्रेडकडे वळण्याआधी हे तपासा. डॉकरफाईलमध्ये एंट्रीपॉइंट साध्या ओळीसारखा लिहिला असेल, म्हणजे चौकटी कंसातल्या यादीसारखा नसेल, तर कंटेनरमधली १ नंबरची प्रोसेस शेल असू शकते आणि जावा तिच्या पोटात चालते. सिगटर्म शेलला मिळतो, शेल तो पुढे पाठवत नाही, आणि ३० सेकंदांनी सगळंच मारलं जातं. स्टार्ट स्क्रिप्ट वापरत असाल तर तिच्या शेवटच्या ओळीत जावाच्या आधी 'एक्झेक' लिहा. काही शेल एकच साधी आज्ञा असेल तर स्वतःहून जागा सोडतात, पण त्यावर विसंबू नये. कंटेनरमध्ये पीएस चालवून १ नंबरवर जावाच आहे हे डोळ्यांनी पाहा. जेव्हीएमला 'एक्सआरएस' पर्याय दिलेला नाही याचीही खात्री करा. तो दिला की जेव्हीएम सिगटर्म स्वतः हाताळत नाही आणि हुक चालत नाहीत.

डीमन थ्रेडबद्दलचा गैरसमज

इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा थांबून पाहू.

डीमन थ्रेड म्हणजे ज्याच्या संपण्यासाठी जेव्हीएम थांबत नाही असा थ्रेड. जेव्हीएम दोन वाटांनी बंद होते. पहिल्या वाटेत शेवटचा नॉन-डीमन थ्रेड संपतो आणि ती आपणहून बंद व्हायला लागते. दुसऱ्या वाटेत सिगटर्म येतो किंवा कुणी सिस्टिम.एक्झिट हाक मारतं. या दुसऱ्या वाटेवर नॉन-डीमन थ्रेड जेव्हीएमला अडवू शकत नाहीत. शटडाऊन हुक सुरू होतात, ते सगळे संपले की जेव्हीएम थांबते, मग मागे कितीही थ्रेड चालू असोत.

यातून दोन गोष्टी निघतात. सिगटर्मनंतर प्रोसेस लटकली असेल तर अडकलेला असतो एखादा हुक. सगळे थ्रेड डीमन करून टाकल्याने तो सुटत नाही. आणि थ्रेड नॉन-डीमन असूनही काम अर्धवट राहिलं असेल, तर त्याच्यासाठी थांबणारा हुकच नव्हता. 'डीमन केला नाही म्हणजे काम पूर्ण होईल' हा समज सिगटर्मच्या वाटेवर खोटा ठरतो.

हुक एकाच वेळी, कुठल्याही ठरलेल्या क्रमाविना चालतात. त्यामुळे एक हुक डेटाबेस कनेक्शन पूल बंद करतोय आणि दुसरा रांगेतले रेकॉर्ड त्याच डेटाबेसमध्ये लिहितोय, अशी मांडणी असेल तर कधी चालेल, कधी पडेल. हुक एकच ठेवा आणि क्रम त्याच्या आत लिहा. हुकमधून सिस्टिम.एक्झिट बोलावू नका. ती हाक परत येत नाही आणि हुक तिथेच गोठतो.

थ्रेड डम्प योग्य वेळी काढा

सिगटर्म दिल्यावर साधारण १० सेकंदांनी पहिला डम्प (सगळे थ्रेड त्या क्षणी काय करतायत याची नोंद) काढा, नंतर पाच-पाच सेकंदांनी आणखी दोन. एका डम्पवरून थ्रेड अडकलाय की हळू चालतोय हे कळत नाही. तिन्हींत तोच स्टॅक (थ्रेड कुठल्या मेथडमध्ये आहे ती साखळी) दिसला तर अडकलाय. मुदत ३० सेकंदांची असल्याने हात चपळ हवा. चाचणीच्या वातावरणात तेवढ्यापुरती ती १२० करून ठेवली तर चालेल.

इमेजमध्ये पूर्ण जेडीके (डेव्हलपरच्या साधनांसह जावा) असेल तर जेसीएमडीची 'थ्रेड.प्रिंट' आज्ञा किंवा जेस्टॅक वापरा. फक्त जेआरई (नुसता चालवण्यापुरता जावा) असेल तर ही साधनं मिळत नाहीत. तेव्हा प्रोसेसला 'किल -३' द्या. ती मरत नाही, डम्प स्टँडर्ड आउटपुटवर येतो आणि कंटेनरच्या लॉगमध्ये सापडतो.

वाचताना सगळ्यात आधी दोन नावं शोधा. 'डिस्ट्रॉयजावाव्हीएम' दिसला तर मेन मेथड संपली आहे. सिग्नल न देताच प्रोसेस बंद होण्याची वाट पाहत असाल, तर आता 'डीमन' हा शब्द नसलेल्या ओळी बघा, दोषी त्यांतच आहे. 'पूल-१-थ्रेड-१' हे एक्झिक्युटरच्या (जावातल्या थ्रेड पूलच्या) थ्रेडचं मूळ नाव, 'टायमर-०' हे जुन्या टायमरचं. दोन्ही आपण वेगळं सांगितल्याशिवाय नॉन-डीमनच असतात. दुसरं नाव 'सिगटर्म हँडलर'. तो दिसला तर हुक चालू आहेत आणि हा थ्रेड त्यांच्यासाठी जॉइनमध्ये (दुसरा थ्रेड संपण्याची वाट पाहत) थांबलाय. मग हुकचा थ्रेड शोधा, तो कुणाची वाट पाहतोय ते पाहा आणि तिथून साखळी धरून मागे जा.

स्लीप किंवा रांगेवर थांबलेला थ्रेड

स्टॅकच्या वर स्लीप, वेट किंवा ब्लॉकिंग क्यूचा टेक दिसतो. असा थ्रेड इंटरप्टला (दुसऱ्या थ्रेडने दिलेल्या थांबण्याच्या इशाऱ्याला) लगेच दाद देतो, आणि तरीही तो जिवंत असेल तर इंटरप्ट गिळला गेलाय. लूपच्या आत ट्राय, आणि कॅचमध्ये सरसकट एक्सेप्शन पकडून एक लॉग ओळ, हा साचा शोधा. इंटरप्टेडएक्सेप्शन फेकताना या मेथड थ्रेडची इंटरप्टची खूण पुसून टाकतात. कॅचने ती गिळली की लूपला काहीच माहीत नसतं आणि पुढच्या फेरीत थ्रेड पुन्हा झोपतो.

लूप थ्रेडच्या मालकीचा असेल तर ट्राय लूपच्या बाहेर न्या, म्हणजे इंटरप्ट आला की लूपच संपेल. कोड एखाद्या मदतनीस मेथडमध्ये असेल आणि एक्सेप्शन वर फेकता येत नसेल, तर कॅचमध्ये 'थ्रेड.करंटथ्रेड().इंटरप्ट()' लिहून खूण पुन्हा लावा आणि परत फिरा. खूण लावून लूप तसाच चालू ठेवला तर पुढची स्लीप लगेच एक्सेप्शन फेकते, आणि थ्रेड सीपीयू जाळत गरगर फिरतो.

थांबायला सांगणारा बूलियन (खरं-खोटं) झेंडा वापरत असाल तर तो व्होलाटाइल हवा. तसा नसेल तर जेआयटी कंपायलर (चालतानाच कोड वेगवान करणारा) त्याचं वाचन लूपच्या बाहेर काढू शकतो आणि बदललेली किंमत थ्रेडला कधीच दिसत नाही. हा दोष डेव्हलपरच्या मशीनवर अनेकदा दिसत नाही. लूप तापून कंपाइल झाल्यावर, म्हणजे प्रॉडक्शनमध्ये, तो उगवतो. झेंडा व्होलाटाइल असला तरी झोपलेल्या थ्रेडला तो जागं करत नाही, म्हणून झेंडा आणि इंटरप्ट दोन्ही द्या.

सॉकेट वाचत बसलेला थ्रेड

डम्पमध्ये हा 'रनेबल' दिसतो आणि तिथेच फसायला होतं. तो काही काम करत नाही, सॉकेटच्या रीडमध्ये पलीकडून बाइट यायची वाट पाहतोय. जुन्या पद्धतीच्या इनपुटस्ट्रीमवर थांबलेला नेहमीचा थ्रेड इंटरप्टला दाद देत नाही. इथे सॉकेटच बंद करावं लागतं: दुसऱ्या थ्रेडने क्लोज केलं की रीडमधून सॉकेटएक्सेप्शन बाहेर पडतं. त्या कॅचमध्ये थांबण्याचा झेंडा तपासा. तो वर असेल तर ती चूक म्हणून लॉग करू नका, नाहीतर दर डिप्लॉयला खोटे अलार्म वाजतील आणि खरा अलार्म कुणी बघणार नाही.

सॉकेट आपल्या हातात नसेल, म्हणजे डेटाबेस ड्रायव्हर किंवा एचटीटीपी क्लायंटच्या आत असेल, तर वाचनाची मुदत आधीच घालून ठेवा. ती शटडाऊनला दिलेल्या वेळेपेक्षा कमी असायला हवी. ६० सेकंदांची रीड टाइमआउट आणि ३० सेकंदांची ग्रेस पीरियड हे गणित जुळत नाही. चालू क्वेरीसाठी स्टेटमेंटचा कॅन्सल दुसऱ्या थ्रेडवरून बोलावता येतो. काफ्का या मेसेज रांगेचा कन्झ्युमर (मेसेज वाचणारा ऑब्जेक्ट) एका वेळी एकाच थ्रेडने वापरायचा असतो, बाहेरून निर्धास्तपणे बोलावता येते ती फक्त वेकअप मेथड. तिने पोलमधून वेकअपएक्सेप्शन निघतं आणि क्लोज त्याच थ्रेडने करायचं.

एनआयओ (जावाची नवी इनपुट-आउटपुट पद्धत) चॅनलचं याच्या अगदी उलट असतं. फाईलचॅनलवर काम करणाऱ्या थ्रेडला इंटरप्ट दिला की चॅनलच बंद होतो. तोच चॅनल इतर थ्रेड वापरत असतील तर त्यांचंही काम मध्येच तुटतं. सामायिक फाईलचॅनल असेल तिथे इंटरप्ट टाळा, झेंडा आणि रांगेतला शेवटचा, 'आता थांबा' सांगणारा खुणेचा मेसेज यावर भागवा.

लॉक धरून जॉइन: सगळ्यात जास्त भेटणारा डेडलॉक

कॉम्पोनंटची स्टॉप मेथड सिंक्रोनाइज्ड असते, म्हणजे चालताना त्या ऑब्जेक्टचा लॉक धरते. ती थांबण्याचा झेंडा वर करते आणि वर्कर थ्रेडसाठी जॉइन करते. वर्कर शेवटची फेरी पूर्ण करताना त्याच ऑब्जेक्टची एखादी सिंक्रोनाइज्ड मेथड बोलावतो, समजा मोजणी अपडेट करायला. स्टॉपने लॉक धरलाय आणि ती वर्करची वाट पाहते, वर्कर लॉकची वाट पाहतो. डम्पमध्ये वर्कर 'ब्लॉक्ड' आणि स्टॉप मेथड जॉइनमध्ये दिसते. जेव्हीएमचा डेडलॉक शोधक हे पकडत नाही, कारण जॉइनची वाट हा त्याच्या लेखी वर्करच्या हातातला लॉक नसतो. 'डेडलॉक सापडला नाही' ही ओळ वाचून निश्चिंत होऊ नका.

उपाय असा: लॉकमध्ये फक्त अवस्था बदला आणि थ्रेडचा संदर्भ स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या, लॉक सोडा, मग इंटरप्ट आणि जॉइन करा. जॉइनला नेहमी मुदत द्या. सिंक्रोनाइज्डसाठी थांबलेला थ्रेड इंटरप्टने सुटत नाही. ती गरज असेल तर रीएंट्रंटलॉकची लॉकइंटरप्टिबली वापरा.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे वर्करने स्वतःच स्टॉप बोलावणे. न सुधारणारी चूक आली, वर्करच्या कॅचमधून कॉम्पोनंट बंद करायला सांगितलं, आणि थ्रेड स्वतःच्याच संपण्याची वाट पाहत बसला. पूलमधल्या कामातून त्याच पूलवर अवेटटर्मिनेशन (पूल संपेपर्यंत थांबणारी मेथड) बोलावलं तरी हेच होतं. स्टॉपमध्ये 'चालू थ्रेड हाच वर्कर आहे का' ही तपासणी करा आणि तसं असेल तर जॉइन वगळा.

फ्युचरच्या गेटवर कायमची वाट

फ्युचर म्हणजे पूलला दिलेल्या कामाच्या निकालाची पावती, आणि गेट ही त्या निकालासाठी थांबणारी मेथड. पूल तातडीने बंद करणारी शटडाऊननाऊ न सुरू झालेल्या कामांची यादी परत देते. बहुतेक कोड ती टाकून देतो. सबमिटने दिलेली कामं असतील तर त्या यादीत फ्युचरटास्क असतात. ते आता कधीच पूर्ण होणार नाहीत आणि कुणी मुदतीशिवाय गेटवर थांबलं असेल तर ते थांबूनच राहतं. यादी फिरून प्रत्येकाला कॅन्सल करा, म्हणजे थांबलेल्यांना कॅन्सलेशनएक्सेप्शन मिळेल. काम हरवून चालणार नसेल तर आधी ते परत रांगेत किंवा डिस्कवर नोंदवा.

कॉलररन्स पॉलिसीतही हाच सापळा आहे. पूल भरला की काम बोलावणाऱ्याच्या थ्रेडवर चालतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पूल शटडाऊन झालेला असेल तर हीच पॉलिसी काम मुकाट्याने टाकून देते, एक्सेप्शनही नाही. त्या फ्युचरवर थांबणारा कायमचा अडकतो. म्हणून काम देणारे आधी थांबवायचे आणि पूल नंतर.

बंद करण्याचा क्रम आणि वेळेचा हिशोब

३० सेकंदांची मुदत अशी वाटता येते. प्रीस्टॉप हुकला (सिगटर्मच्या आधी कुबर्नेटिस चालवतं ती पायरी) ५ सेकंद, तेवढ्यात लोड बॅलन्सर या पॉडकडे नवी विनंती पाठवणं थांबवतो. हा वेळही त्याच ३० मधून जातो, वेगळा मिळत नाही. चालू एचटीटीपी विनंत्या संपायला १०. वर्कर पूलला शटडाऊन देऊन अवेटटर्मिनेशन ८, मग शटडाऊननाऊ आणि आणखी २. कनेक्शन पूल आणि लॉगर बंद करायला २. हे २७ झाले, ३ हातचे. आकडे तुमच्या कामाप्रमाणे बदला, पण बेरीज ग्रेस पीरियडच्या आतच बसवा.

पूलचा भाग पायरीवार असा:

१. शटडाऊन बोलवा. नवं काम घेणं थांबतं, रांगेतलं चालू राहतं.
२. अवेटटर्मिनेशन बोलवा आणि तिने दिलेली बूलियन किंमत वाचा. मुदत संपली तर ती एक्सेप्शन फेकत नाही, फक्त 'फॉल्स' देते. ती न वाचणारा कोड सर्रास दिसतो.
३. 'फॉल्स' आलं तर शटडाऊननाऊ. परत आलेल्या यादीची लांबी लॉग करा आणि कामं वर सांगितल्याप्रमाणे निकालात काढा.
४. पुन्हा थोडी मुदत द्या. तरीही 'फॉल्स' आलं तर पूलच्या थ्रेडचे स्टॅक लॉगमध्ये छापा आणि पुढे चला. पुढच्या वेळी डम्प काढायची घाई राहत नाही.
५. वाट पाहताना हुकच्या थ्रेडलाच इंटरप्ट आला तर शटडाऊननाऊ देऊन खूण पुन्हा लावा.

स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या थ्रेडपूलटास्कएक्झिक्युटरमध्ये कामं पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सेटिंग मुळात बंद असते आणि वाट पाहण्याचे सेकंद ० असतात. दोन्ही लावा. पहिलीच लावली आणि सेकंद ० च राहिले तर कामं संपायच्या आत पुढची बीन्स (स्प्रिंग सांभाळतं ते ऑब्जेक्ट) नष्ट व्हायला लागतात आणि वर्करला बंद झालेला डेटासोर्स मिळतो.

शेड्यूल्ड पूल आणि नव्या क्लोज मेथडबद्दल

शेड्यूल्डथ्रेडपूलएक्झिक्युटरला शटडाऊन दिल्यावर ठराविक अंतराने चालणारी कामं थांबतात. एकदाच, पण उशिरा चालायची कामं मात्र तशीच राहतात. तासाभराने पुन्हा प्रयत्न करण्यासाठी टाकलेलं एक काम पूल तासभर जिवंत ठेवतं. शटडाऊननंतरही उशिराची कामं चालवावीत ही पॉलिसी 'फॉल्स' करा.

जावा १९ पासून एक्झिक्युटरसर्व्हिसला क्लोज मेथड आहे, त्यामुळे ती ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये वापरता येते. चाचण्या आणि छोट्या बॅचसाठी छान. सर्व्हिस बंद करताना मात्र सांभाळून: ती सगळी कामं संपेपर्यंत मुदतीशिवाय थांबते. जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड नेहमी डीमनच असतात, कम्प्लीटेबलफ्युचरची एसिंक कामं ज्या कॉमन पूलवर जातात त्याचे थ्रेडही डीमन असतात. तिथे महत्त्वाचं काम टाकलं आणि कुणी थांबलं नाही तर ते अर्ध्यातच जातं. कम्प्लीटेबलफ्युचरच्या कॅन्सलला 'ट्रू' दिलं तरी चालू कामाला इंटरप्ट मिळत नाही. थांबवता यायला हवं असं काम आपल्या मालकीच्या पूलवर टाका.

थ्रेड.स्टॉप हा उपाय जुन्या उत्तरांत अजून सापडतो. ती मेथड फार पूर्वीच नापसंत ठरवली गेली आणि जावा २० पासून ती नुसतं अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन फेकते.

टॉमकॅटवर युद्ध वेगळं

वॉर फाईल (वेब ॲप्लिकेशनचं पॅकेज) टॉमकॅट या वेब सर्व्हरवर पुन्हा डिप्लॉय करताना जेव्हीएम बंदच होत नाही, म्हणून हुकही चालत नाहीत. ॲप्लिकेशनने सुरू केलेला थ्रेड मागे राहिला तर तो जुन्या क्लासलोडरला धरून ठेवतो, आणि प्रत्येक रिडिप्लॉयला मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवणारी मेमरी) वाढत जाते. लॉगमध्ये 'थ्रेड सुरू केला पण थांबवला नाही, मेमरी लीक होण्याची दाट शक्यता' अशा अर्थाची सूचना थ्रेडच्या नावासह येते. थांबवण्याचा कोड सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनरच्या कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइडमध्ये ठेवा.

चाचणीत काय पकडायचं

थ्रेडफॅक्टरी देऊन प्रत्येक थ्रेडला कॉम्पोनंटचं नाव द्या, उदाहरणार्थ 'बिल-रायटर-१'. मग चाचणी सोपी होते: कॉम्पोनंट सुरू करा, स्टॉप बोलवा, ५ सेकंदांत तो परत आला पाहिजे, आणि थ्रेड.गेटऑलस्टॅकट्रेसेसमध्ये त्या नावाने सुरू होणारा एकही जिवंत थ्रेड उरता कामा नये. हे पाच अवस्थांत चालवा: वर्कर रिकामा असताना, काम अर्ध्यावर असताना, मर्यादित रांग काठोकाठ भरलेली असताना, स्टॉप दोनदा बोलावल्यावर, आणि स्टार्टच्या आधीच स्टॉप आल्यावर. भरलेल्या रांगेची अवस्था सहसा सुटते. तिथे खुणेचा शेवटचा मेसेज टाकायला गेलेला पुट स्वतःच अडकतो, म्हणून तो मुदतीच्या ऑफरने टाका. जितके कन्झ्युमर तितके खुणेचे मेसेज लागतात. एकच टाकला तर एक थ्रेड सुटतो आणि बाकीचे टेकवर थांबून राहतात.